परदेशातील शाळेचे स्नेहसंमेलन आणि उशिरा आलेले हसू

केवडा (तोक्यो)

गेल्या शनिवारी माझ्या मुलीच्या शाळेत ‘गाकुगेइकाई’ झाले. आपण ज्याला स्नेहसंमेलन किंवा सरळ गॅदरिंग म्हणतो, त्याच्या जवळ जाणारा हा कार्यक्रम आहे. मात्र यात बक्षीस समारंभ नसतो, पाहुण्यांची लांबलचक भाषणे नसतात, एकामागून एक नाचही नसतात. प्रत्येक इयत्तेची सगळी मुले मिळून एकच नाटक करतात आणि पालक ते पाहायला येतात. मुलगी दुसरीत आहे. तोक्योमध्ये २००४ सालापासून भारतीय अभ्यासक्रमाची शाळा आहे आणि आमच्या ओळखीतली बरीच मुले तशाच शाळांत जातात, पण आम्हाला इथे दीर्घकाळ राहायचे आहे, म्हणून एदोगावा विभागातल्या, घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या सरकारी शाळेत आम्ही तिला घातले.

आमच्या शाळेत एका वर्षी नाटक, दुसऱ्या वर्षी संगीत आणि तिसऱ्या वर्षी चित्र-हस्तकलेचे प्रदर्शन असे चक्र असते. प्राथमिक शाळा सहा वर्षांची, म्हणजे पूर्ण प्राथमिक शिक्षणात मुलाच्या वाट्याला नाटक दोनदाच येते. त्यातले एक संपले. पुढचे ती पाचवीत गेल्यावर. म्हणून हे लिहावेसे वाटले.

तयारी सप्टेंबरातच सुरू झाली. शाळेकडून येणाऱ्या छापील पत्रकाला इथे ‘ओतायोरी’ म्हणतात. त्यात तारीख, वेळ, आणि मुलांनी काय घालून यायचे याच्या सूचना होत्या: कोणतेही चित्र किंवा अक्षर नसलेला काळा सदरा, काळी पँट, पांढरे मोजे. खाली तुटक रेषेवर कापून परत द्यायची चिठ्ठी. पत्रक मी मोबाईलवर भाषांतर करून वाचले, चिठ्ठी भरून दिली, सदरा आणला आणि आपण सगळे नीट केले या समाधानात राहिले.

नाटक होते ‘कासा जिझो’ या लोककथेवर. जिझो म्हणजे रस्त्याच्या कडेला उभ्या असणाऱ्या दगडी बोधिसत्त्वाच्या मूर्ती. आपल्या संस्कृतात त्याचे नाव क्षितिगर्भ. प्रवाशांचा आणि लहान मुलांचा तो रक्षणकर्ता मानला जातो, आणि लोक त्याच्या गळ्यात लाल लाळेरे बांधतात. एक गरीब म्हातारा वर्षाच्या शेवटच्या दिवशी काही ‘कासा’ विकायला बाजारात जातो, एकही विकली जात नाही, आणि परत येताना बर्फात कुडकुडणारे सहा जिझो पाहून तो त्या त्यांच्या डोक्यावर ठेवतो. एक कमी पडते, तेव्हा तो स्वतःच्या डोक्याला बांधलेले फडके सोडून शेवटच्या जिझोला बांधतो. रात्री त्या मूर्ती त्याच्या दारात धान्याची पोती आणून ठेवतात.

माझी मुलगी दुसऱ्या प्रसंगातला एक जिझो होती. तिच्या वाट्याला एकच वाक्य होते. म्हातारा तिच्या डोक्यावर कासा ठेवतो आणि ती विचारते, “कोरे, दोउयात्ते हिराकु नो?” म्हणजे “हे उघडायचे कसे?” इथल्या शाळांत मुलाने रोज घरी मोठ्याने वाचायचे आणि पालकाने ऐकून कार्डावर शिक्का मारायचा, असा गृहपाठ असतो. त्याला ‘ओन्दोकु’ म्हणतात. तीन आठवडे मी भाकऱ्या थापता थापता ते वाक्य ऐकले आणि शिक्के मारले. त्यातला प्रत्येक शब्द मला कळत होता. कासा म्हणजे छत्री, हेही मला पक्के ठाऊक होते, कारण पावसाळी दिवसांत सकाळी दारात “कासा घेतलीस का?” हे मी तिला दोनदा तरी विचारते. तेव्हा जिझोने छत्री उघडायची कशी हे विचारणे मला अगदी साधे, निरागस वाटले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही दोघेही वेळेवर पोहोचलो. बूट काढून पिशवीत घातले, घरून आणलेल्या सपाता घातल्या, पालकाचे ओळखपत्र गळ्यात अडकवले. नाटक शाळेच्या व्यायामशाळेत असते आणि ज्या इयत्तेचे नाटक त्याच इयत्तेच्या पालकांनी पुढे बसायचे, ते संपले की जागा सोडायची, अशी शिस्त असते. सुरुवातीला पहिलीच्या मुलांनी एका सुरात स्वागत केले. मग आमच्या मुलांचे नाटक सुरू झाले. म्हाताऱ्याचे काम प्रसंगागणिक वेगवेगळी मुले करत होती. डोक्याचे निळे फडके एकाकडून दुसऱ्याकडे गेले की म्हातारा बदलला, हे सगळ्यांना कळत होते. ही पद्धत मला मनापासून आवडली. आमच्या लहानपणी शिवाजी महाराज एकालाच व्हायला मिळत आणि उरलेले आम्ही मावळे म्हणून भाले घेऊन मागे उभे राहत असू.

मग तिचा प्रसंग आला. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर जी वस्तू ठेवली ती छत्री नव्हतीच. ते तपकिरी कागदाचे, शंकूसारखे टोकदार इरले होते, भाताच्या शेतात घालतात तसे. जपानीत छत्रीलाही ‘कासा’ म्हणतात आणि डोक्यावरच्या त्या गवती टोपीलाही ‘कासा’च म्हणतात, चिन्हे वेगळी, उच्चार एक. बर्फात उभा असलेला दगडी देव डोक्यावरची टोपी चाचपून “हे उघडायचे कसे?” असे विचारतो, त्यातली गंमत ती होती. सभागृह हसले. मला ते उमगायला एक-दोन क्षण लागले, आणि मग मीही हसले.

घरी येताना ती बराच वेळ गप्प होती. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, “आई, सगळे हसले ना, तेव्हा तू नाही हसलीस. तू नंतर हसलीस.”

मी तिला काय सांगितले असते? मी तिथे होते. दुसऱ्या रांगेत होते. तिच्या बाबांनी सबंध नाटकाचे चित्रण केले आहे. पण तिला ते पुरेसे नव्हते. आपल्या वाक्याला आई इतरांबरोबर हसते का, एवढेच ती वरून पाहत होती.

आपल्यापैकी अनेकांची मुले अशा भाषेत शाळा शिकत आहेत जी आपली नाही. स्नेहसंमेलनाला आपण जातो, टाळ्या वाजवतो, फोटो काढतो. पण खरोखर प्रेक्षक होण्यासाठी तुम्ही काय करता, हे मला तुमच्याकडून ऐकायचे आहे.

---

मुक्कामपोस्ट (मस्कत)

ताई, माझी स्थिती तुमच्या अगदी उलट आहे. मी परदेशात आहे आणि माझा मुलगा कोकणातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेत चौथीत आहे. भाषेचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो तिथे असण्याचा.

त्यांचे स्नेहसंमेलन जानेवारीत असते. मला वर्षातून एकदा गावी जायची रजा मिळते, ती आम्ही मेमध्ये घेतो, कारण तेव्हा मुलांना सुट्टी असते आणि घरी आंब्याचे काम असते. या वर्षी त्याने वर्गाच्या पोवाड्यात मुख्य शाहिराचे काम केले. मी तीन दिवसांची जादा रजा मागितली होती. ती मंजूर झाली, पण मंजुरीचे पत्र हातात पडले ते कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी. त्या पत्राचे मी काय करायचे, हे मला अजून कळलेले नाही.

कार्यक्रम मी पत्नीच्या मोबाईलवरून पाहिला. पाहिला असे म्हणतो, पण पडद्यावर बराच वेळ पुढच्या गृहस्थांचे डोके होते आणि कर्ण्याचा आवाज फाटत होता. तरीही मला एकूण एक शब्द कळला. कारण महिनाभर तो रोज रात्री नऊला मला फोनवर पोवाडा म्हणून दाखवत असे. इथे तेव्हा साडेसात वाजलेले असतात, मी कामावरून येऊन चहा ठेवत असे आणि तो तिकडून डफाऐवजी पत्र्याचा डबा वाजवत असे. पोवाडा त्यांच्या बाईंनीच लिहिलेला आहे. त्यात ‘गडावरती’ या शब्दाआधी त्याला दम पुरत नव्हता. आम्ही दोघांनी मिळून ठरवले की त्याच्या आधीच्या ओळीला श्वास घ्यायचा. कार्यक्रमात त्याने तो श्वास बरोबर तिथे घेतला. फाटक्या आवाजातही मला तो ऐकू आला.

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे. नुसते ऐकून शिक्का मारू नका. तो कुठे अडतो, ती कुठे अडते, ते विचारा.

---

पाऊलवाट (म्युनिक)

धागा वाचतो आहे. केवडाताई, नाटकाची संहिता शाळेने आधी दिली नव्हती का? की दिली होती आणि ती वाचता आली नाही? आमच्याकडे मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. जर्मनीत पहिलीच्या पहिल्या दिवशी मोठाच समारंभ असतो. मुलांच्या हातात त्यांच्याच उंचीचा वाटावा असा खाऊ भरलेला कागदी शंकू देतात आणि वरच्या वर्गातली मुले नव्या मुलांसाठी काहीतरी सादर करतात. तेव्हापासूनच काय विचारायला हवे, हे मला आत्ताच समजून घ्यायचे आहे.

---

निळीशाई (लेस्टर)

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. केवडा, तुझी तळमळ पोहोचली, पण तू स्वतःला फार कठोर मोजपट्टी लावते आहेस असे वाटते.

इंग्लंडमधल्या अनेक प्राथमिक शाळांत डिसेंबरमध्ये लहान मुले येशूजन्माचे नाटक करतात. माझा मुलगा पहिल्याच वर्षी त्यात मेंढपाळ झाला होता. मेंढपाळाचा वेष म्हणजे घरातला भांडी पुसायचा चौकटीचा पंचा डोक्यावर आणि त्याला बांधायला एक दोरी. प्रत्येक घराला दोन तिकिटे होती. यजमानांना सुट्टी नव्हती, म्हणून दुसऱ्या तिकिटावर सासूबाई आल्या. त्या तेव्हा नुकत्याच सोलापूरहून आल्या होत्या आणि त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तरी गव्हाणीत ठेवलेले बाळ, दारोदार जागा मागणारे आईबाप, वर लटकवलेला चांदणीचा पुठ्ठा हे पाहून त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. घरी येऊन त्यांनी नातवाला सांगितले, “अरे, आपला कृष्ण नाही का तुरुंगात जन्मला? देवाला चांगल्या घरी जन्म घ्यायचाच नसतो बघ.” तो त्यांना बिलगला. त्यांचे हसू कुठल्या वाक्याला आले आणि कुठल्या वाक्याला आले नाही, याचा हिशोब त्याने मांडला नाही.

तेव्हा भाषा यायलाच हवी असे मी म्हणणार नाही. गोष्ट माहीत हवी. ती आधी घरी मराठीतून सांगितली गेली, की अर्धे अंतर तिथेच कापले जाते. तू ‘कासा जिझो’ आधी वाचली असतीस, तर तुला इरले दिसलेच असते.

---

तिसराफलाट (पुणे)

मी या धाग्यावर दुसऱ्या बाजूने लिहितो आहे. मी सहा वर्षांचा असताना आम्ही जपानला गेलो आणि मी प्राथमिक शाळा पूर्णपणे तिथे, कानागावा प्रांतात शिकलो. आता पुण्यात नोकरी करतो. निळीशाई यांचे म्हणणे पटते, पण आजी आणि आईबाप यांच्यात मूल फरक करते, हे मला अनुभवाने सांगावेसे वाटते. आजी पाहुणी असते. तिला कळले नाही तरी चालते. आईवडील तिथे राहत असतात.

माझ्या वाट्याला नाटक आले ते तिसरीत आणि सहावीत. तिसरीत वडील आले होते. ते दिवसभर इंग्रजीत काम करणारे, त्यांना जपानीची गरज पडत नसे. नाटक सुरू असताना ते मोबाईल पाहत होते, आणि माझा प्रवेश होऊन गेल्यावर ते उठून बाहेर गेले. त्यांचे काही चुकले असे त्यांना वाटले नसणार. मुलाचे काम संपले, आता बसून काय करायचे, असा साधा विचार असेल. पण नाटक संपल्यावर आम्ही सगळे रांगेत उभे राहून वाकून नमस्कार करतो, तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती. माझ्या शेजारच्या मुलाने विचारले, “तुझे बाबा गेले का?” मी हो म्हणालो.

त्यानंतरच्या वर्षी संगीताच्या कार्यक्रमाचे पत्रक मी घरी दिलेच नाही. दप्तराच्या तळाशी घडी करून ठेवले. आईला फार उशिरा, मार्चमध्ये वर्ष संपताना दप्तर रिकामे करताना ते सापडले. ती रागावली नाही. तिने ते पत्रक उलगडून टेबलावर सपाट केले आणि मला म्हणाली, “हे मला वाचून दाखव.” कार्यक्रम होऊन चार महिने झाले होते. मी तिला शेवटपर्यंत वाचून दाखवले, अगदी सपाता आणाव्यात इथपर्यंत.

सहावीच्या नाटकाच्या आधी ती माझी संहिता रोज घेऊन बसे. तिचे उच्चार चुकत आणि मला ते ऐकवत नसत, हे मी लपवत नाही. पण आदल्या रात्री तिने विचारले, “या माणसाला इथे राग का येतो रे? माझ्या मते त्याला राग आलेला नाही, त्याला लाज वाटते आहे.” आमच्या शिक्षकांनीही मला हे विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य हळू आवाजात म्हटले.

केवडाताई, तुमच्या मुलीने तुम्हाला सिग्नलपाशी ते सांगितले, ही मोठी गोष्ट आहे. मी माझ्या आईला काही सांगितले नव्हते. मी पत्रक लपवले होते.

---

जुनीखूण (योकोहामा)

येऊन बावीस वर्षे झाली, दोन मुले इथल्याच शाळांतून बाहेर पडली. पाऊलवाट यांनी विचारले ते महत्त्वाचे आहे, म्हणून जे उपयोगी पडले तेवढे लिहिते.

संहितेला ‘दाइहोन’ म्हणतात. मुलाला ती मिळते, पण बऱ्याचदा ती वर्गातच राहते किंवा घरी फक्त त्याच्या वाक्याचे पान येते. पूर्ण प्रत मागावी लागते आणि मागितली तर मिळते. शाळा आणि घर यांच्यात फिरणारी ‘रेनराकुचो’ नावाची वही असते, तिच्यात दोन ओळी लिहायच्या. काही शाळांत आता हे काम मोबाईलवरून होते. लिहिताना चिन्हांच्या डोक्यावर उच्चार लिहिलेली प्रत हवी असे स्पष्ट म्हणावे. शिक्षकांना यात काही वावगे वाटत नाही. १९९५ च्या हानशिन-आवाजी भूकंपात अनेक परदेशी रहिवाशांपर्यंत सूचना पोहोचल्याच नाहीत, त्यानंतर या देशात ‘यासाशिई निहोंगो’, म्हणजे सोप्या शब्दांतली जपानी, हा विचार पुढे आला. आज सरकारी कचेऱ्यांना तो शब्द परिचयाचा आहे. “सोप्या जपानीत लिहून द्याल का” असे आपण म्हटले, तर समोरच्याला काय हवे ते लगेच कळते. आपणच संकोचाने विचारत नाही.

दुसरे असे की मुलांसाठीचा प्रयोग बहुधा शुक्रवारी आणि पालकांसाठीचा शनिवारी असतो, आणि त्या बदल्यात सोमवारी शाळेला सुट्टी मिळते. ती सुट्टी मोकळी ठेवा. नाटकाबद्दल मूल खरे बोलते ते त्या दिवशी. शनिवारी ते दमलेले असते.

तिसरे, शाळेचा वर्धापन. आपल्याकडे वर्धापनदिन आणि स्नेहसंमेलन अनेकदा एकच असते. इथे स्थापनादिनी अनेक शाळांना नुसती सुट्टीच असते, मात्र पन्नासावे, सत्तरावे असे वर्ष आले की मोठा समारंभ होतो. धाकट्याच्या शाळेला ५० वर्षे झाली तेव्हा मैदानावर सगळ्या मुलांना आकड्याच्या आकारात उभे करून वरून विमानातून छायाचित्र काढले होते. त्या छायाचित्रात कोणाचाही चेहरा दिसत नाही. आमचा मुलगा शून्याच्या डाव्या बाजूला, खालून तिसरा, हे त्यानेच आम्हाला बोट ठेवून दाखवले. ते चित्र अजून आमच्या बैठकीच्या खोलीत आहे आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही तो ठिपका दाखवतो.

---

तुळशीकट्टा (सातारा)

माझी नात तुमच्या मुलीएवढीच आहे आणि तीही जपानातच असते. मला तिचे कार्यक्रम नंतर, चित्रणातूनच दिसतात, आणि शाळेने ते चित्रण कुठे पसरवायचे नाही असे सांगितले असल्यामुळे मुलगा व्हिडिओ कॉलवर स्वतःच्या संगणकावरून दाखवतो. तिकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि इकडे सहा, म्हणजे माझी दिवेलागणीची वेळ.

केवडा, तुझी गोष्ट वाचून मला पंढरपूर आठवले. थंडीच्या दिवसांत विठ्ठलाला शाल पांघरतात, कानपट्टी बांधतात. दगडाच्या देवाला थंडी वाजते, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. तो म्हातारा स्वतःच्या डोक्याचे फडके सोडतो, ते वाचताना मला ती गोष्ट परक्या देशातली वाटलीच नाही. तू तुझ्या मुलीला हे सांगितले आहेस का? तिने तुला कासा शब्दाचा दुसरा अर्थ सांगितला. तू तिला कानपट्टी सांग. तिच्या वर्गात हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल.

आणि उशिरा हसलीस, याचे फार मनाला लावून घेऊ नकोस बाळ. पाचवीला वेळ आहे.

---

केवडा (तोक्यो)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मध्ये काही घडले ते पूर्ण होईपर्यंत थांबावेसे वाटले.

जुनीखूण ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी रेनराकुचोमध्ये लिहिले. चार ओळी लिहायला मला पाऊण तास लागला. नाटक होऊन गेले आहे, तरी मला पूर्ण संहिता वाचायची आहे, उच्चार लिहिलेली प्रत मिळेल का, असे विचारले. दुसऱ्याच दिवशी बाईंनी प्रत पाठवली. प्रत्येक चिन्हावर त्यांनी पेन्सिलीने, स्वतःच्या हाताने उच्चार लिहिले होते. अकरा पाने.

मुलीचे वाक्य जिथे होते तिथे समासात बाईंनी एक ओळ लिहिली होती. तिचा अर्थ लावायला मला शब्दकोश लागला नाही, कारण बाईंनी ती सोप्या शब्दांत लिहिली होती: हे वाक्य मूळ संहितेत नव्हते, ते तुमच्या मुलीचे आहे. पहिल्या वाचनाच्या दिवशी तिला कासा म्हणजे छत्रीच वाटली होती आणि तिने वर्गात खरोखरच विचारले होते की म्हातारा मूर्तीच्या डोक्यावर ठेवतो, पण ती उघडतो कधी. मुले हसली. ती आधी रडवेली झाली. मग बाईंनी तिला विचारले की हे वाक्य आपण जिझोला देऊ या का, आणि तिने थोडा विचार करून सांगितले की द्या, पण ते मी म्हणणार.

आमच्या घरात कासा हा शब्द छत्रीसाठीच वापरला जातो. तो तिला घरातून मिळाला होता, माझ्याकडून, दारात उभे राहून रोज विचारलेल्या त्या प्रश्नातून. तीन आठवडे ती माझ्यासमोर ते वाक्य म्हणत होती आणि मला ते ओळखू येते का, याची वाट पाहत होती.

मी तिला विचारले, तेव्हाच का नाही सांगितलेस? ती म्हणाली, “सांगितलं तर तू खोटं हसली असतीस.”

तुळशीकट्टा आजी, तुमची कानपट्टी तिला सांगितली. तिने पंढरपूरचा फोटो मागितला. विठ्ठलाच्या कानांवरची पट्टी बोटाने मोठी करून बराच वेळ पाहिली आणि विचारले, “ही कोण बांधतं? रोज बांधतात का?” सोमवारी ते तिने बाईंना सांगितले.

संहितेचे आता आम्ही रोज एक पान वाचतो. मी मोठ्याने वाचते आणि ती ऐकते. तिने माझ्यासाठी वहीच्या कागदाचे ओन्दोकु कार्ड तयार केले आहे, शाळेच्या कार्डासारखेच, आवाज, वेग आणि भाव अशा तीन रकान्यांचे. दुहेरी वर्तुळ म्हणजे उत्तम, साधे वर्तुळ म्हणजे बरे आणि त्रिकोण म्हणजे अजून सराव हवा. काल सहावे पान झाले. आवाजाला वर्तुळ मिळाले, वेगाला त्रिकोण. भावाच्या रकान्यात तिने आधी त्रिकोण काढला, मग खोडरबराने पुसला, आणि मला तेच पान पुन्हा वाचायला सांगितले.